फोटोची जागा

चोवीस वर्षांच्या नोकरीत मी शेकडो पंचनामे केले. त्यातला एक चुकीच्या जागी केला, आणि त्या दिवसाचा एकेक तास मला अजून सांगता येतो.

मे महिना होता. पूर्व नागपुरातल्या एका पोलीस ठाण्याची मी ठाणेदार होते. विदर्भात ठाण्याच्या प्रमुखाला ठाणेदार म्हणतात, खुर्चीत बाई असली तरी. आमच्या हद्दीतून नाग नदी जाते. नदी हा शब्द सरकारी कागदावर. काठावरचे लोक तिला नालाच म्हणायचे. दर उन्हाळ्यात पावसाळ्यापूर्वीची सफाई व्हायची. पोकलेन यायचं, गाळ काढून काठावर टाकायचं, आणि पहिल्या दोन-तीन सरींत त्यातला निम्मा गाळ पुन्हा पात्रात जायचा. अधूनमधून नदीच्या पुनरुज्जीवनाची नवी योजना जाहीर व्हायची. त्यात पोलिसांचं काम एवढंच, की पाहुणे आले की बंदोबस्त द्यायचा.

सकाळची हजेरी आटोपून मी डायरी पाहत होते, तेव्हा सरकारी दवाखान्यातून फोन आला. नदीसफाईवरची एक मजूर बाई आणली होती. दोन्ही हात कोपरापर्यंत भाजलेले, डोळे उघडत नव्हते, उलट्या सुरू होत्या. हवालदाराला घेऊन मी लगेच निघाले.

बाई पस्तिशीची असेल. बोलण्याच्या अवस्थेत नव्हती. तरुण डॉक्टरने मला व्हरांड्यात बाजूला घेतलं.

"हात धुतले, डोळे धुतले. ते आम्ही पाहून घेऊ," तो म्हणाला. "पण हिची लघवी कमी होत चाललीय. काहीतरी अंगात शिरलंय आणि मूत्रपिंडावर जातंय. काय आहे ते मला कळत नाही."

"पाण्याचा नमुना तपासायला पाठवते."

"अहवाल यायला आठ दिवस. मला आज हवं. शक्य तर संध्याकाळच्या आत."

गुन्ह्याचा तपास घाईने करू नये असं आम्हाला शिकवलेलं. इथे घाईच तपास होती.

सफाईचं कंत्राट घेतलेल्या एजन्सीचा सुपरवायझर दवाखान्याच्या दारातच भेटला. शर्ट इस्त्रीचा, हातात दोन मोबाईल. त्याने आम्हाला नदीवर नेलं आणि मशीन उभं होतं ती जागा दाखवली. "इथं तोल गेला मॅडम तिचा." मी दोन पंच बोलावले, जागेचा पंचनामा केला, पाण्याच्या बाटल्या भरून सीलबंद केल्या. कंबरभर जलपर्णी, काळं पाणी, मानेवर डासांचे ढग. घाण होती, पण रोजचीच. तेवढ्याने माणूस भाजत नाही, हे मला तिथेच खटकायला हवं होतं. खटकलं नाही.

तेवढ्यात काठावरच्या पानठेलेवाल्याने हवालदाराला खूण केली. खबर अशी: शौचालयाच्या टाक्या उपसणारा एक टँकरवाला रोज सकाळी इथल्याच, नदीत उघडणाऱ्या गटाराच्या चेंबरमध्ये टँकर रिकामा करतो, आणि गेले काही दिवस त्या टँकरमध्ये "केमिकल" असतं.

"कशावरून केमिकल?"

"वास पाहा ना म्याडम. मैल्याचा वास असा कुठी असते?"

दुसरा धागा नव्हता. गुन्हे शोधणाऱ्या डीबी पथकाच्या दोन पोरांनी पाऊण तासात टँकरसकट टँकरवाला ठाण्यात आणला. पन्नाशीचा, काटक, गळ्यात पंचा. स्टुलावर बसायच्या आधी त्याने स्टूल पुसलं. कारण विचारलं तर म्हणाला, "माह्यानं खराब होईन म्हणून नाई. आधीच मळकं आहे म्हणून."

हवालदार तापला. मी त्याला थांबवलं आणि सरळ विचारलं, "नदीत काय टाकतोस?"

"मैला."

"कबूल?"

"कबूल. दूर जाच्या जागी जवळ टाकतो. खोटं काहून बोलू, टाकीचा वासच सांगून राहिला."

"आणि अॅसिड? केमिकल?"

त्याने खिडकीतून बाहेर उभ्या टँकरकडे बोट केलं. "म्याडम, टाकी पत्र्याची आहे. साध्या मैल्यानं दोन साल झाले का बुड सडते. अॅसिड टाकलं तं चार खेपात चाळणी होईन. मग मी काय डोक्यावर वाहू?"

हवालदार टँकरखाली वाकून आला. जुने ठिगळ, गंज, पण ताजं भोक एकही नाही. अॅसिडचा वास नाही.

"अजून एक सांगू का," टँकरवाला म्हणाला. "मी जिथं टाकतो तिथं मच्छर पाहा. माह्या मैल्यावरच पोसून राहिले ते. जिथं अॅसिड पडते तिथं मच्छर जगते का? तुमच्या बाईले जिथं लागलं, तिथं मच्छर होते का, सांगा."

मी मान खाजवली. तिथे सकाळी डास चावून उठलेले फोड अजून होते.

चौकशीत समोरच्याच्या एका वाक्याने सगळी फाईल उलटी पडते, असे क्षण नोकरीत चार-पाचच आले. हा त्यातला. टँकरवाल्याला बसवून ठेवलं, गाडी काढली, पुन्हा नदीवर.

घड्याळात साडेबारा. सुपरवायझर सावलीत खुर्ची टाकून बसला होता. त्याला तिथेच राहू दिलं आणि मजूर बायकांकडे गेले. जेवायचे डबे उघडलेले. जखमी बाईसोबत काम करणारी एक म्हातारी होती. तिच्या शेजारी जमिनीवर बसले.

"मावशी, ती इथं पडली?"

मावशीने सुपरवायझरकडे पाहिलं. मग डब्यात. शेजारची तिला हळूच म्हणाली, "सांग ना वं. तिचे डोये गेले तं तू देशीन का?"

मावशीने डबा झाकला. "इथं नाई पडली म्याडम. ते फोटोची जागा आहे ना, तिथं पडली."

"फोटोची जागा म्हणजे?"

"त्या मोडीच्या पुढं. कोनी साहेब येनार असले का सफाईचे फोटो तिथंच काढतेत. तिथं मशीन लावाच लागत नाई. बाराही महिने साफ असते. आज भिंतीले प्लास्टिकची पन्नी अटकली होती, फोटोत दिसन म्हनून तिले उतरवलं."

मशीन न लावता बाराही महिने साफ. नाग नदीत. मी उठले ती जवळजवळ धावतच निघाले.

वळणापलीकडे तीस-चाळीस पावलांचा पट्टा. उन्हाळ्यात धार पात्राच्या मधून जात होती आणि भिंतीला लागून एक डबकं राहिलं होतं. वर-खाली सगळीकडे जलपर्णी, इथे एक पान नाही. काठावर गवत नाही. चिलट नाही, डास नाही. पाणी चक्क नितळ, किंचित पिवळसर. तीन आठवड्यांपूर्वी एका कार्यक्रमाच्या बंदोबस्ताला मी ह्याच काठावर उभी होते. "एवढा तरी भाग चांगला ठेवलाय," असं मीच हवालदाराला म्हटलं होतं. गणवेशातली अधिकारी, डोळे उघडे, आणि दिसलं ते हे.

सुपरवायझरला तिथेच बोलावलं. मोबाईल उघडायला लावला. काम पूर्ण झाल्याचे गेल्या चार उन्हाळ्यांतले फोटो: कोन वेगळे, पाहुणे वेगळे, भिंत एकच.

"खोटी जागा का दाखवलीस?"

"मॅडम, त्या पट्ट्यात आमचं कामच नाही. बाई तिथं का होती, असं विचारलं असतं."

तो विष टाकणारा नव्हता. आळशी होता, आणि आळस लपवायला त्याने माझे तीन तास खाल्ले. दवाखान्यात फोन केला. बाईची प्रकृती खालावत होती.

आता भिंत. पूर-संरक्षक भिंतीत पाणी झिरपायला ओळीने भोकं ठेवलेली असतात. हवालदार एकेक पाहत गेला. कुठे गवत, कुठे मुंग्यांची माती, कुठे सरड्याचं बस्तान. एकच भोक धुतल्यासारखं स्वच्छ. आत प्लास्टिकचा पाईप आणि खाली दगडावर नारिंगी ओघळ. भिंतीमागे पाच गाळे. पिठाची चक्की, कूलर दुरुस्ती, बाकी तिघांची शटर खाली. पाईप जमिनीखालून कुणाकडे जातो, हे वरून कळायला मार्ग नाही. पाचही गाळे झडतीला घ्यायचे तर लिखापढीत दुपार जाणार, आणि ज्याचं पाप आहे तो तेवढ्यात टाक्या रिकाम्या करणार.

हवालदार म्हणाला, "मॅडम, आपल्या घरी मोरी तुंबली तर कोण आधी बाहेर येतो?"

"ज्याच्या घरी तुंबली तो."

"मग तुंबवू."

अग्निशमन दलाची गाडी मागवली. त्यांच्या माणसाने रबरी हातमोजे आणि गमबूट घालून पाईपात ओलं पोतं कोंबलं, वर जलद घट्ट होणारं सिमेंट थापलं. गाडी चक्कीच्या आडोशाला गेली. दोन शिपाई साध्या कपड्यांत भिंतीवर पाय सोडून बसले, हातात चिवड्याची पुडी. मी चक्कीत. चक्कीवाल्याने माझ्यासाठी गव्हाचं पोतं झटकून दिलं आणि बाहेर डोकावत राहिला.

"काय होऊन राहिलं म्याडम?"

"दळण."

ऊन असं होतं की शटरला हात लागत नव्हता. दहा मिनिटं. वीस. पस्तीस. डॉक्टरचा फोन: "काही?" मी म्हटलं, "थांबा." डाव चुकला, त्या दिवशी त्यांचं काम बंद असलं, तर माझ्याकडे काहीच उरणार नव्हतं.

चाळीस मिनिटांच्या सुमाराला तिसऱ्या गाळ्याचं शटर गुडघाभर वर गेलं. खालून नारिंगी पाण्याची एक जीभ बाहेर आली. मग बनियनमधला एक गृहस्थ वाकून बाहेर पडला, हातात लांब बांबू. तो सरळ भिंतीकडे गेला, खाली वाकून भोक पाहिलं, आणि शेजारी चिवडा खाणाऱ्या माझ्या शिपायाला म्हणाला, "भाऊ, जरा हात लावता का? आपला पाईप चोक झाला."

शिपायाने चिवड्याची पुडी खिशात ठेवली. "आपला म्हणजे तुमचाच ना?"

"हाव, माह्याच आहे."

"मग चला, मॅडमनाही सांगा."

आत नळ आणि गाड्यांचे सुटे भाग चमकवायचा विनापरवाना कारखाना होता. तीन टाक्या. काम करणाऱ्या दोघांची बोटं पिवळी पडलेली, मनगटांवर खोल व्रण. पंच आले होते, पण आधी पंचनामा नाही, नाव-गाव नाही. मी पहिला प्रश्न टाकला, "टाकीत काय आहे?"

मालक म्हणाला, "साधं पाणी आहे, साबणाचं."

मी हवालदाराला पेला आणायला सांगितलं. "साबणाचं असेल तर ह्यांना त्या पाण्याने हात धुऊ दे."

मालकाने दोन्ही हात पाठीमागे नेले. कामगारांतला एकजण त्याच्याकडे न पाहता म्हणाला, "क्रोम आहे म्याडम. क्रोमिक अॅसिड. डब्यावर लिहिलेलं आहे."

डब्याचं लेबल मी फोनवर डॉक्टरला अक्षर न्‌ अक्षर वाचून दाखवलं. पलीकडे तो लगेच दुसऱ्याच कुणाला भराभर सूचना देऊ लागला. फोन बंद करायचं त्याला भान राहिलं नाही. मीही बंद केला नाही. ऐकत उभी राहिले. पावणेतीन वाजले होते.

मग रीतसर सगळं झालं. नवीन जागेचा पंचनामा, मुद्देमाल, अटक, गाळ्याला सील. सकाळचा चुकीचा पंचनामा मी फाडला नाही; तो का चुकला हे लिहून फाईलला जोडला. बचाव पक्षाच्या वकिलाने त्यावरून मला साक्षीत अर्धा तास सोलून काढलं. त्याचं बरोबर होतं. खटला अजून सुरू आहे.

टँकरवाल्याला मी चहा पाजला आणि उघड्यावर मैला टाकल्याबद्दल कारवाईही केली. तो म्हणाला, "रस्ता मी दाखवला अन् गुन्हा मलेच?" मी म्हटलं, "रस्त्याचा चहा झाला. मैल्याचा गुन्हा."

बाईची मूत्रपिंडं वाचली. उजवा डोळा पूर्ण वाचला, डाव्याने अंधुक दिसतं. महिना-सव्वा महिन्याने ती घरी गेली.

ह्या प्रकरणाने मला शिकवलं ते तपासापुरतं नाही. घाण शोधायची सवय आम्हा पोलिसांना असते, तशीच ती नदीवर काम करणाऱ्यांनाही असते. जिथे वास, डास, गाळ, तिथे सगळे नाकाला रुमाल लावून पोहोचतात. जी जागा विनाकष्ट स्वच्छ दिसते, तिला कुणी प्रश्न विचारत नाही. तिचा फोटो काढतात. एवढ्या योजना येऊनही नदी का सुधारत नाही, ह्याचं माझ्यापुरतं उत्तर हेच. काठावरचा माणूस फोटो पाहतो आणि पाण्यात उतरणाऱ्या माणसाला कुणी विचारत नाही. मावशीला सगळं ठाऊक होतं. चार वर्षांत तिला विचारणारी मी पहिली, आणि मीही सकाळी विचारलं नाही, दुपारी विचारलं.

पुढच्या उन्हाळ्यात सफाई सुरू झाली तेव्हा माझे नोकरीचे शेवटचे दिवस होते. वेळेआधी निवृत्ती घेतली होती. सफाई पाहणारा नवा अभियंता पोलीस बंदोबस्त मागायला आला म्हणून मी काठावर गेले. ती बाई आलेली होती, काळा चष्मा लावून. मी तिला काम बदलून घ्यायला सुचवलं होतं. तिने ऐकलं नव्हतं. बाकीच्या बायका तिच्या मागे उभ्या होत्या आणि एकही उतरत नव्हती.

"उतरा ना," अभियंता म्हणाला. "मशीन थांबलंय."

"उतरतो साहेब," ती म्हणाली. "आधी तुम्ही हात घाला पाण्यात."

अभियंत्याने पाण्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं. त्याने मग फोन करून तपासणीची पेटी मागवली, जागोजागी पाणी घेऊन कागदाच्या पट्ट्या बुडवल्या, आकडे लिहून घेतले आणि सगळ्यांसाठी हातमोजे आल्याशिवाय काम सुरू केलं नाही.

पाणी तपासायला सगळी मिळून वीस मिनिटं लागली.