एकोणीस सेकंदांची माय

"मला पहिल्या भागातच कळलं होतं" हे इंटरनेटवरचं सगळ्यात खोटं वाक्य आहे, असं माझं ठाम मत आहे. आम्ही पाहत होतो त्या मालिकेचा अकरावा भाग आला त्या आठवड्यात हे वाक्य मी इतक्या जणांच्या कमेंटमध्ये वाचलं की मोजणं सोडून दिलं. कुणाला म्हणे घुबडाच्या डोळ्यांवरून कळलं होतं, कुणाला सुरुवातीच्या गाण्यातल्या एका सावलीवरून. एवढे हुशार लोक महाराष्ट्रात असताना आमच्या नळाला पाणी आठ दिवसांआड का येतं, याचं मला नवल वाटायचं. अर्थात त्यांना नावं ठेवायची माझी लायकी नाही. मला ते खरोखरच आधी माहीत होतं, आणि माहीत नसल्याचं सोंग मी केलं होतं.

मालिका जपानी, जादूटोण्याची, बऱ्यापैकी काळी. कार्टून म्हटलं की तिचे चाहते चिडतात, म्हणून मी मुद्दाम कार्टूनच म्हणते. एका देशात सूर्य उगवायचा थांबला आहे आणि दहा-बारा वर्षांची एक मुलगी किल्ल्यात कैद असलेल्या आईला सोडवायला पायी निघाली आहे. सोबत एक म्हातारा सैनिक आणि त्याचं पांढरं घुबड. मुक्काम पडला की घुबडाच्या तोंडून आईचा आवाज येतो. जेवलीस का, पाय दुखतात का, थोडंच राहिलंय, चाल. अकराव्या भागात मुलगी किल्ल्यात पोचते आणि तिला कळतं की आई पहिल्या भागाच्याही आधी मेली आहे. तो आवाज घुबडाला म्हाताऱ्यानं शिकवला होता, मुलगी वाटेत खचून बसू नये म्हणून.

त्यावरून चाहत्यांत दोन तट पडले. म्हातारा राक्षस आहे, असं एका तटाचं म्हणणं. त्यानंच पोरीला जगवलं, असं दुसऱ्याचं. लोक एकमेकांच्या आईबहिणीवर उतरले. कुणी चिडून ग्रुप सोडला, कुणी दुसऱ्या दिवशी परत आला. मी दोन्हीकडे मतं टाकत होते, कारण माझं एक चॅनेल होतं आणि भांडण चालू राहिलं की ते पाहिलं जायचं.

मी कामरगावची. वडील सरकारी कचेरीत शिपाई, त्यामुळे घरात पगारही नियमित यायचा आणि "भरतीचं काय झालं" हा प्रश्नही. भरतीचा अभ्यास करता करता मी आणि माझी मैत्रीण रविवारी दुपारी आमच्या बैठकीत बसून ही मालिका पाहायचो आणि पाहताना आमची तोंडं फोनवर रेकॉर्ड करायचो. लोक आधी मालिका पाहतात आणि मग ती पाहणाऱ्यांची तोंडं पाहतात. हा धंदा मी काढलेला नाही. माझं वेगळेपण एवढंच, की आम्ही वऱ्हाडीत बोलायचो. मागच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. ती दिसली की कमेंट मालिका सोडून आमच्या जातीवर घसरायच्या. दोनदा तो अनुभव घेतला आणि मागे फुलाफुलांची चादर बांधायला लागले.

मैत्रीण शेजारच्या वाडीवरची. पहिलीपासून आम्ही एका बाकावर. ती कारंज्याला एका ऑनलाइन फॉर्म भरायच्या दुकानात कामाला होती, आठवडाभर लोकांचे अंगठे आणि आधारकार्डं जुळवायची आणि रविवारी जीपनं माझ्याकडे यायची. तिला त्या चॅनेलचं कौतुक नव्हतं. तिला ती मुलगी आवडायची, चालत राहणारी. मूळ भाग इंग्रजी अक्षरांसह आधी यायचा आणि हिंदी आवाजातला आठवडाभरानं. पळत्या अक्षरांमागे धावायला मले येत नाई, असं म्हणून ती हिंदीची वाट पाहायची. मीही तिच्यासोबतच पहिल्यांदा पाहते, असं आमचं ठरलेलं होतं. अकरावा भाग मात्र मी आधीच पाहिला. सगळे ग्रुप पेटले होते आणि मला राहवलं नाही.

भाग संपला तेव्हा माझ्या मनात सगळ्यात आधी मैत्रीणच आली. का आली, ते सांगायला मला दहावीपर्यंत मागे जावं लागेल.

दहावीच्या वर्षी तिचे आईवडील पुण्याकडे वीटभट्टीवर गेले होते आणि ती मावशीकडे राहून परीक्षा देत होती. तिसऱ्या पेपरच्या दिवशी तिची आई तिकडे तापानं गेली. तिच्या वडिलांचा फोन मावशीला आला, मावशीनं माझ्या आईला सांगितलं, आणि आईनं मला चुलीपाशी बसवून बजावलं, "परीक्षा सरेपर्यंत तिच्यापाशी तोंड उघडू नको. पोरीचं वरीस जाईन." आमच्याकडे असं करतात. पेपर चालू असले की मरणसुद्धा शेवटच्या पेपरपर्यंत थांबवून ठेवतात, आणि सगळी वाडी, सगळा गाव त्यात सामील होतो. मातीसुद्धा तिकडेच उरकली. पाच पेपर बाकी होते.

ती रोज विचारायची. मावशी म्हणायची, भट्टीवर रेंज नाही. इतिहासाच्या पेपरला जाताना जीपमध्ये ती रडकुंडीला आली, म्हणाली, मायचा फोन कसा नाही एकही. सगळी जीप गप्प बसली. तेव्हा मी बोलले. "तुया मायचा फोन आल्ता आमच्या घरी. पेपर नीट लिहिजो म्हने." हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी माझ्या मनानं रचलं. तिचा चेहरा उजळला आणि केंद्रावर पोचेपर्यंत ती सनावळ्या पाठ म्हणत होती. शेवटचा पेपर झाल्यावर मावशी केंद्राच्या फाटकाशी उभी होती, तिथं तिला कळलं. तिनं आईचं तोंड पाहिलं नाही. ती पंधरा दिवस माझ्याशी बोलली नाही आणि सोळाव्या दिवशी येऊन बसली. आम्ही त्यावर परत कधी एक शब्द बोललो नाही. आईविषयीही ती बोलायची नाही.

तर अकरावा भाग पाहिल्यावर मला तिला फोन करता आला असता. हा भाग तू पाहू नको, किंवा पाहायचा तर फोन बंद ठेवून माझ्याजवळ बसून पाहा. एवढंच म्हणायचं होतं. मी आठ दिवस ते वाक्य घोळवलं. आणि दर वेळी त्याच्या जोडीला दुसरा विचार यायचा, की हिचा चेहरा त्या क्षणी कसा होईल. मी स्वतःला समजावलं की तिचं मन मोकळं होईल, इतक्या वर्षांचं आत साठलंय. असल्या समजुती माणूस स्वतःसाठी फार पटकन तयार करतो. खरं सांगायचं तर मला चांगली रिअॅक्शन पाहिजे होती.

रविवारी ती आली, मी चादर बांधली, फोन उभा केला. किल्ल्याचं दार उघडलं तोवर ती चिवडा खात होती. घुबड आईच्या आवाजात बोललं, म्हाताऱ्यानं तोंड फिरवलं, आणि मुलीच्या लक्षात आलं. मैत्रिणीच्या हातातली वाटी मांडीवर कलंडली. "माय," ती म्हणाली. मग "माय वं." मग तिसऱ्यांदा नुसतंच "माय," अगदी हळू. मी तोंडावर हात ठेवून धक्का बसल्याचं दाखवलं. माझा तो हात व्हिडिओत फार छान दिसतो.

पडदा बंद झाल्यावर ती अर्धा तास बोलली. फोन चालूच होता. ती आईबद्दल बोलत होती, पहिल्यांदा, सलग. मला त्यातल्या तीनच गोष्टी आठवतात. आई शिवताना दोरा दातानं तोडायची. बकरीला माणसासारख्या शिव्या द्यायची. आणि हिला "माही मास्तरीन" म्हणून हाक मारायची. बाकीचं मी ऐकलं नाही, कारण माझं लक्ष फोनच्या बॅटरीकडे होतं.

आमच्याकडे दार आपटलं, दूध उतू गेलं, कुणी घसरलं, तरी तोंडातून माय वं असंच निघतं. त्यामुळे कुणाला संशय यायचं कारण नव्हतं. मी एकोणीस सेकंदांचा तुकडा कापला. तिसऱ्या "माय"ला तिचा चेहरा जवळ आणला आणि मागे 'टुंग' असा आवाज टाकला. वर लिहिलं, "अवं माय वं". तिला न दाखवता टाकून दिला. लोकांना हसू यावं म्हणून मी तो 'टुंग' टाकला होता, आणि लोक हसले.

फार हसले. नागपूरपासून कोल्हापूरपर्यंत लोकांनी तिचा आवाज उचलला. निकाल लागला की तिचं माय, मांजर पडलं की तिचं माय, सासू दारात आली की तिचं माय. ती घाबरून विनोदी ओरडतेय, असंच सगळ्यांना वाटलं. मेलेल्या आईला हाक मारतेय, हे मी सोडून कुणालाच माहीत नव्हतं. कारंज्याच्या दुकानात एका गिऱ्हाइकानं तिला ओळखलं आणि एकदा म्हणून दाखवायला सांगितलं. मालक हसत होता. तिनं म्हणून दाखवलं. हे तिनं मला जसं सांगितलं, तसंच लिहिते आहे.

पुढच्या आठवड्यात चाहत्यांमधले गुप्तहेर जागे झाले. हिंदी भाग यायच्या चार दिवस आधी मी एका ग्रुपवर लिहिलं होतं, "येत्या रविवारी रुमाल घेऊन बसा." त्याचा स्क्रीनशॉट माझ्या व्हिडिओखाली आला. मग कमेंटची दिशा फिरली. दोघींनी आधी पाहिलं आहे, सगळं नाटक आहे. ती माय म्हणणारी तर जास्तच नाटकी, ओव्हरअॅक्टिंगचं दुकान. शेकड्यांनी लोक तिला नाटकी म्हणत होते. त्या व्हिडिओत खरं फक्त तिचंच होतं, आणि हे एका ओळीत लिहायला मला दोन मिनिटं लागली असती. लिहिलं असतं तर मग मी काय केलं तेही लिहावं लागलं असतं. मी कमेंट बंद करून टाकल्या.

रविवारी ती आली, पण चपला काढल्या नाहीत. दारातच उभी राहिली. आईनं चहाला विचारलं, तिनं नको म्हटलं. माझ्याकडे बघून म्हणाली, "तुले मालूम होतं."

मी हो म्हणाले. तुझं मन मोकळं होईल असं वाटलं, हेही म्हणाले, आणि म्हणता म्हणता मलाच लाज वाटली. तिनं ते ऐकून घेतलं. ती चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिचा आवाज नेहमीसारखाच होता.

"तवा तुले मोठ्यायनं सांगतलं होतं," ती म्हणाली. "जीपमंदी तू बोल्ली, ते बी मी समजून घेतलं. लहान होतो आपन. यावेळी कोनं सांगतलं होतं तुले?"

एवढं विचारून ती जीपच्या थांब्याकडे निघून गेली. मी त्याच दिवशी व्हिडिओ काढून टाकला आणि महिनाभरात चॅनेलही. त्यानं काही फरक पडला नाही. तिचा आवाज लोकांच्या फोनात शिरला होता. आजही कुठल्यातरी रिकाम्या माणसाच्या विनोदात ती माय म्हणते आणि टुंग वाजतं.

पुढे दोन महिने तिचा काही निरोप नव्हता. मग एका दुपारी मेसेज आला. मला वाटलं, दहावीतल्या त्या पंधरा दिवसांसारखंच हेही संपलं. मेसेज लांब नव्हता. "त्या दिवशीचं पुरं रेकॉर्डिंग मले पाठवजो. पुढचं, मी मायबद्दल बोल्ली ते. आता मले परत तसं आठवतच नाई. बाकी तुयावर राग नाई ठेवत."

तो तुकडा कापला त्याच संध्याकाळी फोनची जागा भरली म्हणून मी मूळ रेकॉर्डिंग पुसून टाकलं होतं. पूर्ण अर्धा तास. दातानं तोडलेला दोरा, बकरीच्या शिव्या आणि मी न ऐकलेलं सगळं. कारंज्याच्या मोबाइलवाल्याला विचारलं, वाशीमला जाऊन दोघांना दाखवलं. काही निघालं नाही. आईविषयी ती आयुष्यात एकदाच बोलली, त्या दिवसाचे जगात फक्त एकोणीस सेकंद उरले आहेत, आणि ते मी निवडलेले आहेत.

"पुसलं" एवढंच लिहायचं होतं. मी लिहिलं, "जुन्या फोनात असन. पाह्यते."

याला आता आठ महिने झाले. ती आमच्या घरी परत येऊ लागली आहे, चपला काढून आत बसते, आईच्या हातचा चहा घेते. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा, घाई नसल्यासारखं विचारते, सापडलं का वं. मी तिच्याकडे न बघता सांगते, "शोधून राह्यली."