घड्याळ बांधून केलेला नवस

डोंगरातल्या धावण्याच्या शर्यतीत नाव नोंदवलं आणि मग लक्षात आलं, कुंभकोणमला डोंगरच नाही. इथली जमीन ताटासारखी सपाट. वेग वाढवायला इन्नंबूरच्या भातशेतांचे बांध होते, पण चढ आणायचा कुठून? शेवटी स्वामीमलैच्या देवळाच्या पायऱ्या सापडल्या. पहाटे स्कूटर काढायची, चपला खाली ठेवून अनवाणी चढउतार करायचे, आणि दहाला माझा दातांचा दवाखाना उघडायचा. दुपारी कुणाची दाढ काढताना माझ्याच पोटऱ्या ठणकत, तरी मी खुशीत असे.

दवाखान्यात बाहेरच्या टेबलाशी अप्पा, म्हणजे माझे वडील, बसत. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांनी चालणं जवळजवळ सोडलंच होतं. व्यायामाचं नाव काढलं की "उद्यां पाहूं." तो उद्या काही उजाडत नव्हता. हे आता असेच खुर्चीत राहणार, या भीतीनं माझा जीव खालीवर होई.

एकदा कवळी करायला आलेल्या आजींनी त्यांना सांगितलं की तुमची मुलगी पहाटे देवळाच्या पायऱ्या पुन्हा पुन्हा चढते, तुमच्या गुडघ्यासाठीच नवस बोलली असणार. त्याच संध्याकाळी अप्पा भिंतीला धरून पाय वाकवताना दिसले. मी तोंडाला कुलूप लावलं. खरं सांगावं आणि त्यांनी पुन्हा बसकण मारावी, हे कोण ओढवून घेईल?

शर्यत आठवड्यावर आली तेव्हा एका पहाटे मी देवळाकडे निघताना अप्पा म्हणाले, "मीही येतों." कठड्याला धरून, थांबत थांबत, ते सगळ्या पायऱ्या चढले. मला रडूच आलं. ते वर टेकल्यावर मी धीर करून म्हणाले, "अप्पा, हा नवस नव्हे. शर्यतीची तयारी आहे."

"मज ठाव आहे गे. नवसाला कोणी घड्याळ बांधून चढतें कां?"

"मग व्यायाम कां केलात?"

"नवसाचं गांवभर झालं होतं. गुडघा बरा झाला नसता, तर देवाचं नांव गेलं असतं." मग माझ्या मनगटावरचं घड्याळ मागून घेत म्हणाले, "बसलीस काय? उतर. वेळ मी पाहतों."

शर्यतीत माझा नंबर मधेच कुठेतरी आला. अप्पा मात्र दवाखान्याच्या दारात उभे राहून येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात, पोरीचा नवस फळला.