सोमवारचे बैल

तालुक्याच्या परीक्षेचा गणिताचा पेपर मी काढला होता, आणि सगळ्यात सोपा प्रश्न म्हणून हा घातला होता : बैलजोडीने नांगरणी शनिवारी सुरू केली, काम सहा दिवस चालले, तर कोणत्या दिवशी संपले? उत्तर, गुरुवार. आमच्या शाळेतली सगळ्यात हुशार मुलगी शुक्रवार लिहून आली आणि एका गुणाने तालुक्याच्या खास वर्गाच्या यादीबाहेर राहिली. मी तिला भर वर्गात झापलं. "बोटं मोजता येत नाहीत?"

पुढच्याच आठवड्यात परभणीला प्रशिक्षण होतं. असल्या प्रशिक्षणात मी शेवटच्या बाकावर डुलक्या काढतो. पण तिथल्या मॅडमनी पडद्यावर माझाच पेपर लावला. त्यांच्या संख्याशास्त्राच्या मॉडेलमध्ये मूल किती तयार आहे आणि प्रश्न किती अवघड आहे, एवढ्यावरून ते मूल बरोबर उत्तर देण्याची शक्यता निघते. मूल जितकं तयार तितकी आलेखाची रेघ वर चढते. माझ्या प्रश्नाची रेघही चढत होती. फक्त आमच्या शाळेची खाली उतरली होती.

"तुमच्याकडे कच्ची मुलं बरोबर आहेत आणि हुशार मुलं चुकलीत," मॅडम म्हणाल्या. "इथं मुलांना नाही, प्रश्नाला जाब विचारा."

माझी झोप उडाली. ज्या बाईने आमचं गाव कधी पाहिलं नव्हतं, तिला परभणीत बसून आमच्या गावातलं काहीतरी दिसलं होतं. काय, ते तिलाही ठाऊक नव्हतं. मला खरंच अंगावर काटा आला.

दुसऱ्या दिवशी शाळेत त्या मुलीला जवळ बोलावून विचारलं, शुक्रवार कसा आला?

"सर, आमच्यात सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवत न्हाईत. महादेवाचा वार हाय. मंग तो दिवस सोडूनच मोजला."

हुशार पोरांनी शेत डोळ्यांसमोर आणलं होतं. कच्च्यांनी नुसती बोटं मोजली होती, माझ्यासारखी.

मी अर्ज केला. प्रश्न सगळ्यांसाठीच रद्द झाला आणि तिचं नाव यादीत आलं. ती पेढे घेऊन आली, तेव्हा मला तिच्याकडे बघवेना. तिला वाटलं, सर अजून रागावलेत.

माझ्या वडिलांनी उभ्या जन्मात सोमवारी बैल जुंपला नाही. त्या दिवशी बैलांना पाण्यावर न्यायचं काम माझ्याकडे असायचं.