दादाच्या गाडीची प्लेट

परवा माझ्या जुन्या पिकअपचा क्लच घसरायला लागला आणि ते प्रकरण काल घडल्यासारखं डोळ्यांपुढे आलं. माझी शाळा सातवीपर्यंतच. पोलीस भरतीआधी मी ट्रकवर क्लीनर होतो, म्हणूनच ते प्रकरण मला उलगडलं, असं मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो. कुणाला बढाई वाटली तर वाटू दे.

तेव्हा मी मुरुडकडच्या एका पोलीस ठाण्यात हवालदार होतो. एक कोळीणबाई फिर्याद द्यायला आली. नवरा वारल्यावर त्याच्या जुन्या पिकअपवर तिचा मासळीचा धंदा चालला होता. ती गाडी अंगणातून गेली. दोन दिवस तिनं आपल्या परीनं शोधली, मग ठाण्याची पायरी चढली. चाव्या दोनच, एक तिच्या कनवटीला, दुसरी ड्रायव्हरकडे. ड्रायव्हर मोहल्ल्यातला तरुण, नुकताच कामाला लागलेला.

साहेबांनी ड्रायव्हरला आणून बाकावर बसवला. उद्या अटक दाखवून कोर्टात हजर करायचं ठरलं. एक पथक उरणला गेलं, कारण तिकडच्या ट्रकच्या गर्दीत चोरीची गाडी सहज जिरते. पोराचा बाप ठाण्याच्या पायरीवर बसून होता. मला एवढंच म्हणाला, "हवालदारसाब, पोराचा साखरपुडा झालाय. उद्या बेडी पडली तर मुलीवाले दारात उभं करणार नाहीत."

फिर्याद घेताना बाईला मी विचारलं होतं, गाडीत काही बिघाड होता का. क्लच घसरत होता, ती म्हणाली. बर्फाच्या पेट्या भरल्या की इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी जागची हलायची नाही. मी साहेबांना सांगितलं, ही गाडी काशीदचा चढ चढत नाही. उरण कुठलं, ती इथेच अलीकडे कुठेतरी आहे. नेणारा आधी क्लच बदलणार. साहेब हसले, पण अडवलं नाही. उद्या सकाळपर्यंत काय ते करा म्हणाले.

मुरुड, रेवदंडा, अलिबाग, सगळ्या स्पेअरपार्टवाल्यांना फोन लावले. दुपारी अलिबागच्या एका गुजराती दुकानदाराचा उलट फोन आला. आदल्या दिवशी एकानं बाईच्या गाडीच्याच जुन्या मॉडेलसाठी अख्खा क्लच सेट नेला होता. प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग, सगळं. जुन्या गाडीत आधी कुणी काय बसवलंय याचा भरवसा नसतो, म्हणून आपल्याकडे गिऱ्हाईक जुनी प्लेट पिशवीत घालून नमुना म्हणून आणतं. हा हात हलवत आला. आणि मागितली पुढच्या मॉडेलची मोठी प्लेट.

"मी बोललो, भाई, आ मॉडेलमां नाय बसणार," दुकानदार म्हणाला. "तर बोलला, तू दे. डुप्लिकेट दाखवली, तर हात पण नाय लावला."

मी बाईला परत बोलावलं. गाडीत मोठी प्लेट कशी? ती म्हणाली, किनाऱ्यावरच्या वाळूत गाडी रुतायची, म्हणून नवऱ्यानं इंजिनामागचं चाक, ते फ्लायव्हील, मोठं घातलं होतं. त्याला प्लेटही मोठी लागते. काम कुणी केलं, विचारलं. नवऱ्यानं आणि त्याच्या धाकट्या भावानं, घरच्या अंगणात. एवढं बोलून ती पदराशी खेळत बसली.

मग ड्रायव्हरला विचारलं, तुझ्या गाडीला कुठली प्लेट लागते रे? कंपनीची येते तीच, तो म्हणाला. त्यानं क्लच कधी उघडलेला पाहिलाच नव्हता. मी त्याला चहा सांगितला, बापालाही आत बोलावून दिला.

दिराला आणला. तिन्हीसांजेपर्यंत त्याचं एकच पालुपद, मी बोटीवर होतो. हात उगारून हा बोलणार नाही, हे मी ओळखलं. माझ्या डोक्यात दुसरंच घोळत होतं. चोर गाडी उचलतो ती विकायला, आणि विकायच्या गाडीत कुणी ओरिजिनल घालत नाही. मी सहज बोलल्यासारखं म्हटलं, "येड्या, एवढा खर्च कशाला केलास? विकायचीच होती तर डुप्लिकेट चाललं असतं."

त्यानं झटकन मान वर केली. "दादाच्या गाडीला डुप्लिकेट घालू व्हय?"

बोलून गेला आणि मग त्याच्या ध्यानात आलं. साहेबांनी पेन खाली ठेवलं.

पुढचं सगळं त्यानंच सांगितलं. दोन घरांचं बोलणं बंद होतं. क्लचला कंटाळून वहिनी उरणच्या पार्टीला गाडी विकणार, हे त्याला बाजारात कळलं. वहिनीला माहीत नसलेली भावाची तिसरी चावी त्याच्याकडे होती. गाडी धडधाकट करून परत अंगणात लावली तर वहिनी विकणार नाही, असा त्याचा हिशोब. मी विचारलं, आणि तो पोरगा बाकावर बसला ते कळूनही गप्प राहिलास? तो उठला आणि म्हणाला, चला, गाडी दाखवतो.

त्याच्या सासुरवाडीच्या सुपारीच्या वाडीत, नारळाच्या झापांखाली गाडी मिळाली. पंचनामा करून ठाण्याच्या आवारात आणली. बाई आली, कुणाला न विचारता ड्रायव्हरच्या जागेवर चढली आणि पेडल दाबून बघितलं.

"हलका झालाय," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "हवालदार, ह्यो माझा दीर हाय. चोर न्हाय."

मी म्हटलं, बाई, गुन्हा दाखल झालाय, तो मी फाडू शकत नाही. हे कोर्टात सांगा. पुढे कोर्टाच्या परवानगीनं तडजोड झाली. पण त्याआधी, दिराला जामीन मिळाल्याच्या दुसऱ्याच दिवशी मी हट्टानं त्याला ड्रायव्हरच्या मुलीवाल्यांच्या दारात नेलं. तो मान खाली घालून म्हणाला, "गाडी मी नेलेली. तुमच्या जावयानं न्हाय."

ड्रायव्हरच्या लग्नात बिर्याणीची डेग त्याच पिकअपमधून गेली. चालवायला दीर. ड्रायव्हर चावी मागत होता, तर हा म्हणाला, "नवऱ्यानं आज क्लच दाबायचा नसतो." बाई मागे डेग धरून बसली होती, ती मोठ्यानं हसली. तेवढं हसू त्या घरात बऱ्याच दिवसांनी आलं असावं.

नोकरीत मी पुष्कळ जबाब घेतले. माणूस तोंडानं काय सांगतो ते ऐकावं, पण काय विकत घेतो तेही बघावं, हे मी त्या प्रकरणात शिकलो.

परवा दुकानात माझा मुलगा सोबत होता. म्हणाला, "बाबा, गाडी विकून टाकायचीच आहे, डुप्लिकेट टाकू." मी दुकानदाराला ओरिजिनल सेट बांधायला सांगितला. मुलानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पिशवी उचलली. गाडी विकायचा विषय त्यानं परत काढलेला नाही.