तानशाला पाणी नेणारे आबासाहेब

तलावाकाठी फिरायला जाताना घरून पाणी भरून नेणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. शहापूरला आमच्या घराला लागून राहणारे आबासाहेब टिपणीस. दसरा झाला, भातं पिवळी पडली, वाटांवरचा चिखल वाळला, की ते आळीतल्या चार-पाच बिऱ्हाडांना घेऊन तानसा तलावाच्या रानात सहल काढत. बायका, पोरं, म्हातारी माणसं, सगळी. समोर नजर पोचणार नाही एवढं पाणी पसरलेलं, आणि आमच्याबरोबर शहापूरच्या विहिरीवरून भरून घेतलेल्या तांब्याच्या दोन घागरी.

का म्हणून विचारलं तर ते म्हणत, "ते पाणी मुंबईचं. आपण बघायचं. हात लावायचा नाही."

कचेरीतून अव्वल कारकून म्हणून ते पेन्शनीत निघाले होते. कचेरी सुटली, कारकुनी सुटली नाही. हुकूम सोडायला हाताखाली कोणी उरलं नाही, म्हणून त्यांनी शेजाऱ्यांचं आरोग्य हाती घेतलं, असं माझं स्पष्ट मत आहे. "चालणं हे फुकटचं औषध," असं ते म्हणत, आणि फुकटची गोष्ट कोणी नाकारू नये अशी त्यांची सक्त ताकीद असे.

जंगलाच्या तोंडापर्यंत बैलगाड्या जात. तिथून पुढे पायी. पुढे पुरुष, मध्ये उंचीप्रमाणे पोरं, मागे बायका. "तोंड बंद, छाती पुढे!" अशी आज्ञा झाली की चालायचं. त्या दिवसांत ते रान खरोखर पाहण्यासारखं असतं. गवत गुडघ्यावर येऊन पिवळं पडू लागलेलं, तेरड्याची शेवटची फुलं, सागाच्या मोठमोठ्या पानांना किडीनं पाडलेल्या जाळ्या, आणि झाडांमधून मध्येच चमकणारं पाणी. पण फूल तोडायचं नाही, ओरडायचं नाही, मागे राहायचं नाही. झाडांची नावं आबासाहेब सांगत. साग आणि पळस ते बरोबर ओळखत. बाकी जे येईल ते "ऐनाचाच एक प्रकार". चिंचेलाही त्यांनी एकदा ऐनात घातलं. पोरं हसली तेव्हा त्यांनी सगळ्यांना पुन्हा उंचीप्रमाणे उभं केलं.

पाण्याबद्दलचा त्यांचा नियम कुठून आला, तेही सांगतो. काठावर पाटी होती. पाण्यात आंघोळ करू नये, कपडे धुऊ नयेत, गुरं घालू नयेत, अशा अर्थाची. पिऊ नये असं तिच्यावर नव्हतं. मी ती वाचली होती आणि तसं त्यांना सांगितलंही होतं.

"दत्तोपंत," ते म्हणाले, "तुम्ही गिरणीत भाताच्या गोणी मोजता. हुकमाचा अर्थ लावणं वेगळं. आंघोळीत अंग बुडतं, पिताना हात बुडतो. हात अंगाचाच भाग आहे की नाही?"

गाड्या त्यांनी ठरवलेल्या असत. आम्ही घागरीतलं पाणी पीत राहिलो.

महायुद्ध सुरू होण्याच्या थोडं आधीची सहल मी विसरणार नाही. त्यांची सून कमल त्या वर्षी बरोबर होती. पहिलटकरीण, पाचवा महिना. मुलगा माधव मुरबाडला मास्तर होता, तो सुट्टीला आला नव्हता. निघतानाच जानकीकाकू, म्हणजे आबासाहेबांच्या पत्नी, म्हणाल्या, "अहो, तिला राहू द्या घरी. मी थांबते तिच्याजवळ. गाडीचे हिसके बसतील."

"म्हणून तर गाडीतून उतरवून चालवणार आहे," आबासाहेब म्हणाले. "चालणारीचं बाळंतपण सोपं होतं."

"तुमची किती झाली?" काकूंनी विचारलं. पण ते तोवर गाडीवाल्याला ओरडायला गेले होते.

पाऊस सरल्यावरचं ते ऊन. सकाळी गोड वाटतं आणि दुपारी टाळू भाजून काढतं. दरवर्षी आम्ही बांधाजवळ जेवून परतत असू. त्या वर्षी आबासाहेबांना काठाकाठानं पुढच्या टेकाडापर्यंत जायची हुक्की आली. गडी एकच होता, त्याला एकच घागर उचलता आली. दुसरी गाडीत राहिली. टेकाडावर पोचून दशम्या, लोणचं, सुकी चटणी सोडली. पोरांनी पाण्यावर झडप घातली, आणि उरलेल्यात आबासाहेबांनी पाय धुतले.

हे मी पदरचं सांगत नाही. पाय धुतल्याशिवाय ते जेवत नसत, आणि तलावात पाय घालणं त्यांच्या नियमात बसत नव्हतं. तेव्हा शहापूरहून आणलेलं पाणी, समोर एवढं पाणी असलेल्या जागी, एका पेन्शनरच्या पायांवर ओतलं गेलं.

परतताना कमल मागे पडू लागली. मग थांबली. मग एका पळसाच्या बुंध्याशी बसली ती उठेना. चेहरा पांढराफटक, ओठ कोरडे, डोळे मिटलेले. जानकीकाकू तिच्या पोटावर हात ठेवून बसल्या.

"पाणी," काकू म्हणाल्या.

गड्यानं घागर उलटी करून दाखवली. तलाव तिथून हाकेच्याही जवळ होता. माझी बायको तांब्या घेऊन उठली, तोच आबासाहेब आडवे आले.

"थांबा. आधी पहारेकऱ्याची परवानगी आणतो. चौकी त्या वळणापाशीच आहे."

"आबासाहेब, पोर दोन जिवांची आहे," मी म्हणालो.

"म्हणूनच. हे बेकायदा काही तिच्या नावावर नको."

जानकीकाकू उठल्या. माझ्या बायकोच्या हातातला तांब्या त्यांनी घेतला आणि नवऱ्याच्या अंगावरून सरळ पाण्याकडे गेल्या. त्यांच्या संसारात त्यांनी तोवर असं काही केलं असेल असं मला वाटत नाही. आणि आबासाहेबांनी काय करावं? त्यांनी पाठ फिरवली. तलावाकडे पाठ, बायकोकडे पाठ, सुनेकडे पाठ, हात मागे बांधून ते रानाकडे बघत उभे राहिले. "मी पाहिलेलं नाही," असं ते मोठ्यानं म्हणाले, आमच्यापैकी कोणी उद्या साक्ष काढणार असल्यासारखे. काकू भिजवलेला पदर सुनेच्या ओठांवर पिळत होत्या तेव्हा सासरे ऐनाचे प्रकार मोजत होते.

तेवढ्यात चौकीवरचा पहारेकरी धर्मा गलका ऐकून आला. जवळच्याच पाड्यावरचा माणूस. आबासाहेब त्याच्यासमोर ताठ झाले आणि घडला प्रकार अगदी कचेरीच्या भाषेत सांगू लागले. धर्मानं अर्धंच ऐकलं.

"आवो सायब, पानी पिऊ नको असा कोन बोलला तुमाला? आमी रोज पितो, आमची पोरा पितात." मग काकूंकडे वळून म्हणाला, "पाज गो आये, चांगला पाज. डोक्यावं पन घाल."

"पण पाटीवर..." आबासाहेब म्हणाले.

"पाटीला तान लागत नाय सायब."

कमलनं डोळे उघडले. धर्मानं गाडी जवळच्या वाटेनं आत आणवली. घरी येईपर्यंत कोणी बोललं नाही, आणि त्यासाठी "तोंड बंद" असं कोणाला सांगावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी निरोप मिळून माधव आला. बापाशी भांडला नाही. बायकोला घेऊन धसईला तिच्या माहेरी पोचवून आला. पुढचे काही आठवडे जानकीकाकू रोज माझ्या बायकोला विचारत, "धसईचं कोणी भेटलं का?" पोटातलं वाचेल की नाही, याची कोणालाच खात्री नव्हती. आबासाहेबांना मात्र एकच चिंता. मला कुंपणापाशी गाठून ते म्हणाले, "तो पहारेकरी अडाणी आहे हो. त्याच्या तोंडी परवानगीला किंमत किती धरायची?"

मी घरात निघून गेलो.

मुलगी झाली, सुखरूप. बारशाला आबासाहेबांबरोबर मी आणि माझी बायको धसईला गेलो. जानकीकाकू आधीच जाऊन राहिल्या होत्या. नाव ठेवून झालं, बायका पांगल्या, आणि आबासाहेब चांदीचे वाळे घेऊन माजघरात पाळण्याशी गेले. कमलनं पदर सावरून विचारलं, "मामंजी, वाटेत त्रास नाही ना झाला?" त्यांनी नाही म्हटलं. वाळे पाळण्यात ठेवले. पोर जागी होती, मुठी हलवत होती.

आबासाहेब तिथंच उभे राहिले. हात पुढे झाले, मागे गेले. त्यांनी कमलकडे पाहिलं. ती खाली बघत होती. व्याह्यांकडे पाहिलं, माधवकडे पाहिलं, शेवटी माझ्याकडे पाहिलं. मी द्रोणातल्या घुगऱ्या खात होतो. खात राहिलो.

"बसा, घुगऱ्या घ्या," जानकीकाकू त्यांना म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या.

बराच वेळ ते पाळण्याची दोरी धरून थांबले. मग कोपऱ्यातली छत्री घेतली आणि गाडी जुंपायला सांगितली. माधवनं पुढे मुरबाडला बिऱ्हाड केलं, तो शहापूरला राहायला आला नाही. दोन पावसाळ्यांनंतर आबासाहेब गेले. नात त्यांच्या हातात कधी आली नाही. त्यांना कोणी अडवलं नव्हतं, हे मी तिथं हजर होतो म्हणून सांगतो.