पट्टे तुमच्याही घरावर आहेत

"रेडिएशन हा शब्द तोंडातनं काढायचा न्हाई," आत्यानं मला तिसऱ्यांदा बजावलं. मला बघायला येणारे पाहुणे कुपवाडहून निघाले होते आणि आई पोह्यांवर खोबरं किसत होती. "कॉम्प्युटरवर काम करते म्हण. खोटं हाय का त्यात?"

खोटं नव्हतंच. पीएचडीची सगळी वर्षं मी कॉम्प्युटरसमोर काढली आहेत. पृथ्वीभोवती, हजारो किलोमीटर वर, तिच्या चुंबकीय क्षेत्रात अडकलेल्या वेगवान इलेक्ट्रॉनांचे पट्टे आहेत. त्यांनाच रेडिएशन बेल्ट म्हणतात. तिथल्या प्लाझ्मात, म्हणजे विद्युतभारित कणांच्या विरळ वायूत, लहरी उठतात. त्या लहरी या इलेक्ट्रॉनांचं काय करतात, हे मी उपग्रहांनी पाठवलेल्या नोंदींतून शोधते. पण आधीचं एक स्थळ नुसत्या त्या शब्दावर मोडलं होतं, आणि आत्या तेव्हापासून दुधानं तोंड पोळल्यासारखी ताकही फुंकत होती. आबा, म्हणजे माझे वडील, फौजेतून निवृत्त झालेले हवालदार. ते यावर कधी चकार शब्द बोलत नसत. मला वाटायचं, त्यांना माझ्या कामाची लाज वाटते. आत्याच्या बजावण्यापेक्षा ते जास्त लागायचं.

पाहुणे आले. मुलाचं कुपवाडला छोटं वर्कशॉप होतं, बोलायला सरळ वाटला. चहा घेता घेता त्यानं विचारलं, "कॉम्प्युटरवर नेमकं काय करता?"

मी आबांकडे पाहिलं. ते पोह्यांतले शेंगदाणे वेचत होते. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, गेलं उडत!

"पंचमीला झोका देताना योग्य वेळी हात लावला, की झोका उंच जातो ना? लहरीचा आणि इलेक्ट्रॉनचा ताल जुळला की तसंच होतं. तो इतका जोरात पळायला लागतो, की उपग्रहाच्या आत घुसून यंत्रं बिघडवतो. कधी लहर त्याची वाटच वाकडी करते, मग तो वातावरणात पडून संपतो. कुठला चढेल आणि कुठला पडेल, हे आधी सांगता यावं म्हणून माझी धडपड चालू आहे. रेडिएशन बेल्ट म्हणतात त्या पट्ट्यांना."

आत्याला ठसका लागला. मुलाची चुलती आईकडे वळली. "रेडिएशन? म्हंजे एक्स-रेवालं? आवं, मग पोरीला पोरंबाळं व्हतील न्हवं?"

"काकी, मला विचारा," मी म्हटलं. "मी तिथं जात नाही, त्याच्या नोंदी बघते. आणि ते पट्टे काय माझ्या एकटीच्या डोक्यावर नाहीत. कुपवाडला तुमच्याही घरावर आहेत. तुमच्या घरात पोरं झालीच की!"

मुलगा हसला. बाकी कुणी हसलं नाही. थोड्या वेळानं गाडी निघून गेली आणि संध्याकाळी नकाराचा फोन आला.

"जिभेला काय हाड?" आत्या बाहेरच्या सोप्यातून ओरडत राहिली. मी कपबशा आपटत धुतल्या. पश्चात्ताप वगैरे काही नव्हता.

आबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. "ते वरनं पडतंय म्हणालीस, ते आपल्यापर्यंत येतंय का?"

"न्हाई आबा. लय वरच संपतंय."

"आन तू त्याच्याजवळ जात न्हाईस?"

"खुर्चीवर बसती मी. कॉम्प्युटरसमोर."

ते खाली बसले, उंबऱ्यावरच. "मला वाटायचं, तुझ्या जिवाला काय तरी हुईल. इचारलं आन तू व्हय म्हणालीस तर? म्हणून कवा इचारलंच न्हाई."

लाज नव्हती, भीती होती. मला इतका राग आला की रडूच फुटलं. एवढी वर्षं! एका शब्दानं विचारता आलं नाही?

त्यांनी माझ्या हातातली बशी घेतली, पुसून फळीवर ठेवली आणि सोप्याकडे तोंड करून, परेडला हुकूम द्यायचे त्या आवाजात म्हणाले, "अक्का, पुढचं स्थळ आणशील तवा आधीच सांग, पोरगी रेडिएशनवर काम करती. ज्याला भ्यायचंय त्यानं आपल्या घरी बसून भ्यावं. मी लय भ्यालो, आता बास."