माह्या आतड्याचा पिक्चर

एमआरआयच्या मशीनमध्ये निजली होती मी. कानावर हेडफोन, पोटावर पट्टा. श्वास धरा, सोडा, धरा. एवढंच ऐकू येत होतं. मंग मधातच काचेपलीकडच्या डॉक्टरचा आवाज आला. माइक बंद करायचा राहून गेला असन. शिकणाऱ्या पोरापोरींले तो दाखवत होता, "बघा किती आळशी आतडं आहे. हे लोक कामाला आळशी, आतडंही तसंच."

हसले सगळे. मले हलायची मनाई होती. हललं की फोटो बिघडते म्हणे. म्हणून ते हसणं मी श्वास धरून पुरं ऐकलं.

आठ-आठ दिवस पोट साफ होत नव्हतं माह्यं. चूर्ण झालं, एरंडेल झालं, गोळ्या झाल्या. खालून नळी टाकून पाहू म्हणाले, तं मी साफ नाही म्हटलं. मंग ही तपासणी निघाली. ना नळी, ना सुई. एक गोडसर पाणी पाजतात आणि एकाच जागेचे फोटो एकामागून एक काढतात. ते जोडले की आतडं हलताना दिसते, पिक्चरसारखं. किती आवळते, किती वेळा आवळते, ते त्याच्यावरून मोजतात.

मशीनवरच्या ताईनं मले खाली उतरवलं. मी म्हटलं, मले पाहाचं आहे. डॉक्टर म्हणाला, तुम्हाला काय समजणार त्यातलं, रिपोर्ट घेऊन जा. मी स्टुलावर बसली ते बसलीच. शेवटी ताईनंच लावून दिलं.

काळ्यापांढऱ्यात माह्यं आतडं. एक जागा आवळली. थांबली. लय वेळ थांबली. मंग पुन्हा हळूच आवळली, कोणाले तरी विचारून हलावं तशी. ताईनं हळू आवाजात विचारलं, "लागली की लगेच जाता का, काकू?"

इतक्या वर्षांत हे कोणी विचारलंच नव्हतं.

विमानतळाकडच्या एका ऑफिसात मी संडास साफ करते. चौथ्या माळ्यावरचे सहा. चकचकीत ठेवते. पण तिथं मी बसायचं नाही. स्टाफला किळस येते, असं तिथल्या मॅडमनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आम्हा बायांचा संडास खाली पार्किंगमध्ये. त्याले कुलूप, चाबी चौकीदाराजवळ, आणि बाजूले सगळे ड्रायव्हर बसलेले. त्यांच्यासमोर चाबी कशी मागू? म्हणून दाबलं. अकरा वर्षं दाबलं. लागू नये म्हणून दिवसभर पाणी नाही पेली. आणि वरून लाज मलेच वाटायची.

पडद्याकडे पाहून रडू नाही आलं मले. संताप आला.

"हे आळशी नाही, साहेब. याले रोखून ठेवलं आहे. तेही लिहा."

तो म्हणाला, रिपोर्टमध्ये फक्त हालचाल लिहितात, बाकीचं नाही. पोरं आता हसत नव्हती. पण लिहिलं नाहीच त्यानं.

दुसऱ्या दिवशी ड्युटीवर गेली. चौथ्या माळ्यावरचा पहिला संडास घासला, पुसला. बादली दाराबाहेर ठेवली, आत गेली आणि कडी लावली. कडी नीट बसली का, दोनदा ओढून पाहिली. थोड्या वेळानं मॅडमनं दार वाजवलं. कोण आहे म्हणे.

"मीच आहो, मॅडम. बसली आहो. वेळ लागन."

कामावरून काढून टाकीन म्हणाली. काढा म्हटलं, पण आधी मले बसू द्या. लय वेळ ती बाहेर बडबडत राहिली. मी उठली नाही.

त्या दिवशी पोट काही साफ झालं नाही. अकरा वर्षांचं एका दिवसात कसं होईन? पण तिसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच बसली. अजून तं काढलं नाही, आताही रोज बसते. काढलं तं जिथं काम भेटन तिथं बसन. आणि बादली दाराबाहेरच ठेवीन, आत कोण आहे ते सगळ्यांले दिसलं पाहिजे.